खिडकी आणि चंद्रोदय

गेले तेवीस दिवस मी ७८.६ किलोंचा आहे.

रोज सकाळी चष्मा, घड्याळ, खिशातल्या किल्ल्या असं सगळं उतरवून, आणि एकदा तर (सांगायला लाज वाटते) नखं कापून मी काट्यावर चढतो. काटा क्षणभर लुकलुकतो, ७८.४ दाखवतो, माझ्या मनात सनई सुरू होते आणि तेवढ्यात तो ७८.६ वर जाऊन बसतो. रिक्षाचं मीटर असं एका आकड्यावर अडून बसलं असतं तर मी त्याला हार घातला असता.

मार्चमध्ये मी ८६ होतो. सुरुवात कशी झाली ते सांगण्यासारखं नाही. मावसभावाच्या लग्नात सुरवारीची नाडी आणि मी यांच्यात काही मतभेद झाले, एवढं पुरे. महाराष्ट्रात वजन कमी करायचं म्हटलं की आधी दीक्षित की दिवेकर हे ठरवावं लागतं. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात, दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा. ऋजुता दिवेकर सांगतात, थोडं थोडं, दर दोन तासांनी खा. आमच्या सोसायटीत या प्रश्नावरून गणपतीच्या मीटिंगमध्ये दोन तट पडलेले मी पाहिले आहेत. मी तिसरीकडेच गेलो. दुपारी १२ ते रात्री ८ खायचं, उरलेले १६ तास पाणी आणि कोरा चहा. त्या आठ तासांना 'खिडकी' म्हणतात. पुण्यात वाढलेल्या माणसाला ठरावीक वेळात बंद राहण्याचं शिक्षण वेगळं द्यावं लागत नाही. दुपारी १ ते ४ शटर ओढलेली दुकानं बघत लहानाचा मोठा झालो. तशी एक पाटी तोंडावर लावायची, एवढंच.

पहिल्या महिन्यात चार किलो गेले. पँटचा पट्टा दोन भोकं आत आला. या गावात उघड कौतुक कोणी करत नाही, पण जिन्यात भेटलेल्या काकांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि आवाज उतरवून विचारलं, "काय, शुगर निघाली का?" ते मी कौतुकच धरलं. पेठेतल्या आमच्या टेलरकडे पँट आत घ्यायला नेली तेव्हा तो म्हणाला, "घेतो आत. पण कापड कापत नाही. शिवणीत ठेवतो." मी विचारलं, का? तर म्हणाला, "परत याल."

मग मे गेला, जून गेला, दर महिन्याला किलो-दीड किलो. आणि मग हा ७८.६.

काटा थांबला की माणूस वाचायला लागतो. पहिल्यांदा कळलं ते असं, की ते पहिले चार किलो सगळेच्या सगळे चरबीचे नव्हतेच. यकृतात आणि स्नायूंत शरीर साखरेचा साठा करून ठेवतं, ग्लायकोजेन नावाचा, आणि त्याच्या एकेका ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी अडकून असतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा उतरतो आणि पाणी निघून जातं. म्हणजे मी समजत होतो की मी चरबीवर पाणी सोडलं; प्रत्यक्षात बरीचशी चरबी जागच्या जागी होती, आधी सुटलं होतं ते पाणी. खऱ्या चरबीचा एक किलो म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. ती रोज चिमटी-चिमटीनेच जाते.

दुसरी गोष्ट जास्त अपमानास्पद. वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो. मंडईतून सात किलोंची पिशवी घेऊन पर्वती चढलो तर केवढा घाम येईल. ती पिशवी मी मार्चमध्ये चोवीस तास पोटाशी बांधून हिंडत होतो, आता हिंडत नाही. तेव्हा ज्या ताटात मी बारीक होत होतो, त्याच ताटात आता जेमतेम आहे तिथे राहतो. वर शरीर स्वतःहून काटकसरीला लागतं ते वेगळंच. अमेरिकेत १९४४-४५ मध्ये संशोधक अँसेल कीज यांनी ३६ तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून हे मोजलं होतं. त्यांच्या शरीराचा खर्च, वजन घटल्यामुळे घटायला हवा होता त्याहूनही खाली गेला. हे तरुण दिवसभर जेवणाच्याच गोष्टी करायचे, काहींनी तर पाककृतींची पुस्तकं गोळा केली. ते वाचून मला जरा बरं वाटलं, कारण रात्री नऊ ते अकरा मी मोबाइलवर मिसळ बघत असतो.

उपासाचे तास मोजणाऱ्या माझ्या अ‍ॅपला यातलं काही मान्य नाही. ते मला चौदाव्या तासाला कळवतं की आता तुमच्या पेशींची साफसफाई सुरू झाली आहे. या साफसफाईची यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं हे खरं आहे, पण त्यांनी ती उलगडली यीस्टमध्ये. मी बायकोला म्हणालो, "मी काय यीस्ट आहे का?"

"फुगतोस मात्र तसाच," ती म्हणाली.

तिनेच मग तपास हाती घेतला. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या १३९ जणांवर वर्षभर केलेला एक अभ्यास २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. दोन्ही गटांना सारख्याच कमी कॅलरी, फक्त एका गटाला सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायची मुभा. वर्षाअखेरीस खिडकीवाल्यांचे सरासरी ८ किलो गेले, बाकीच्यांचे ६.३, आणि संशोधकांच्या हिशेबात हा फरक धरण्याजोगा नव्हता. मी तो तिला उत्साहाने वाचून दाखवला, दीड किलो तर दीड किलो म्हणून. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग खिडकीतून आत काय काय येतं, ते कुणी मोजलंय का आपल्याकडे?"

मोजलं. आणि इथे मला थोडं खरं बोललं पाहिजे. मार्चमध्ये मी १२ वाजता जेवत असे; ऑगस्ट येईपर्यंत मी १२ वाजता धाड घालत होतो. पावणेबाराला डब्यातले शेंगदाणे 'बघत' होतो. आणि रात्री ७ वाजून ५० मिनिटांनी, शेवटची बस सुटत असल्यासारखा, भूक असो नसो, दोन बाकरवड्या, अर्धं केळं, मुलीने टाकलेला वरणभात, वर एक लाडू, असं सगळं धावत पकडत होतो. आठच्या ठोक्याला तोंड पुसलेलं असायचं आणि अ‍ॅप शाबासकी द्यायचं. नियम शंभर टक्के पाळला जात होता, हे कुणीही मान्य करेल.

यालाच आपल्याकडे 'एकादशी दुप्पट खाशी' म्हणतात. उपासाला धान्य नको म्हणून आपण जे खातो त्यातला साबुदाणा, बटाटा, रताळं, शेंगदाणा, राजगिरा आणि ती हिरवी मिरचीसुद्धा, सगळी मुळात अमेरिका खंडातली. इथली म्हणावी अशी वरी, नाहीतर शिंगाडा. ज्वारी-बाजरी दाराबाहेर उभी आणि सातासमुद्रापारची मंडळी थेट देवघरात. कोरडा साबुदाणा शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी, दाणे शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर, आणि तूप मोजायची आमच्यात पद्धत नाही.

पण आमच्याकडे उपास म्हणजे फक्त खिचडी नव्हती. आजी चातुर्मासात धारणं-पारणं करायची: एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं चार महिने. आज ते मोठं इंग्रजी नाव घेऊन परत आलंय आणि त्याची पुस्तकं खपतात. एकभुक्त म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. नक्त म्हणजे दिवसभर काही नाही, रात्री जेवायचं. खिडक्याच सगळ्या, फक्त कुणी त्यांना खिडक्या म्हटलं नाही. आणि व्रताला उद्यापन असतं. कधी सुरू करायचं, किती दिवस, संपलं की कुणाला जेवू घालायचं, सगळं ठरलेलं. माझ्या अ‍ॅपमध्ये सुरुवातीचं बटण आहे, उद्यापनाचं शोधतोय.

आई पन्नास वर्षं संकष्टी करते. तिला एकदा विचारलं, तुझं वजन किती गं? तिला माहीत नव्हतं. काट्यावर ती आयुष्यात एकदाच उभी राहिली असावी, पुणे स्टेशनवरच्या त्या जुन्या लाल-पिवळ्या दिव्यांच्या मशीनवर, ज्यात नाणं टाकलं की पुठ्ठ्याचं तिकीट खट्कन बाहेर पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. "आप मिलनसार हैं, मित्रों से लाभ होगा," तिने मला हिंदीत म्हणून दाखवलं. भविष्य पाठ होतं. वजन आठवत नव्हतं.

मी तेवीस दिवसांत तेवीस वेळा खट्टू झालो होतो. पन्नास वर्षांच्या संकष्ट्या, म्हणजे सहाशेच्या वर, आणि तिला एकदाही 'काही फरक पडेना' असं वाटलं नसेल का? विचारलं तर म्हणाली, "फरक कसला पडायचाय?" ती मला कळवळून काही समजावत होती असं नाही, तिला प्रश्नच कळला नव्हता.

परवा अंगारकी होती. कालनिर्णयात चंद्रोदय ९ वाजून १७ मिनिटं. माझी खिडकी ८ ला बंद. ही अडचण मला आधी सुचली नव्हती, कारण एरवी संकष्टीला मी आठच्या आत मुलीबरोबर जेवून घेतो. पण अंगारकीला उकडीचे मोदक असतात आणि ते नैवेद्य दाखवल्याशिवाय डब्यातून बाहेर येत नाहीत.

संध्याकाळपासून पाऊस होता. सव्वानऊला आई हातात तबक घेऊन गॅलरीत गेली. पर्वतीच्या अंगाला नुसता राखाडी ढग, देवळाचा दिवासुद्धा पुसट. मी म्हणालो, "आई, चंद्र कुठाय? दिसत तर नाही."

"दिसत नाही म्हणून काय उगवायचा राहतो?" असं म्हणून तिने ढगालाच ओवाळलं.

मी लगेच त्यातून काहीतरी काढायला निघालो होतो, काटा, चरबी, न दिसणारी प्रगती, वगैरे. ती म्हणाली, "उभा काय राहिलास, ताटं घे." बायकोने माझ्याकडे बघून घड्याळाकडे बघितलं, पण बोलली काही नाही. मी तीन मोदक खाल्ले. फोडून, वरून तूप घालून, सावकाश. मार्चनंतर पहिल्यांदा मी जेवताना वेळ बघितली नव्हती. आणि आश्चर्य म्हणजे चौथा नको झाला.

काटा आता माळ्यावर आहे. रविवारी खाली उतरतो. मीठ, पापड, झोप यांच्यावर रोज अर्धा-एक किलो इकडचा तिकडे होत असतो, त्याच्याशी रोज सकाळी भांडून काय मिळणार होतं? त्याऐवजी बायको शिलाई मशीनच्या खणातली टेप काढून दर पंधरवड्याला पोटाचा घेर घेते. तो, काट्याला न सांगता, या तेवीस दिवसांत पाऊण इंच कमी झालाय. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांना मार्चमध्ये मी दोनदा 'देखावा बघायला' थांबत होतो. गेल्या रविवारी थांबलो नाही, आणि वर पोचल्यावर खरंच देखावा बघितला. शेंगदाण्यांचा डबा वरच्या फळीवर गेलाय. ७ वाजून ५० ची बस मी सोडून देतो. रोज नाही, पण देतो. (सासूबाईंना मात्र हे सगळं करू दिलं नाही. त्यांना डायबेटिसच्या गोळ्या आहेत, आणि अशा माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोळा तास उपाशी राहणं म्हणजे चक्कर येऊन पडायला आमंत्रण.)

त्या रात्री मोदकाचं ताट उचलताना आईने विचारलं, "मग आता तुझा कधी सुटायचा?"

मी बोटांवर मोजलं. साडेनऊला हात धुतला, सोळा तास, म्हणजे उद्या दुपारी दीड.

तिने कालनिर्णयाला दोरीने बांधलेली पेन्सिल घेतली, बुधवारच्या चौकोनात दुधाच्या खाड्याशेजारी '१.३०' असं लिहिलं आणि त्याच्याभोवती एक छोटा गोल काढला, चंद्रोदयाला काढते तसा.