काठावरचे दात

बरणी माझ्या टेबलावर आली ती नाव लिहूनच: ओबेलिया डायकोटोमा. तरंगत्या धक्क्याखाली पाण्यात टांगलेल्या पाट्यांवर काय काय उगवतं, याचं सर्वेक्षण चालू होतं आणि पथकाला संध्याकाळपर्यंत हायड्रॉइडची, म्हणजे झुडपासारख्या वसाहती करून चिकटून वाढणाऱ्या जेलीफिशच्या नातलगांची, यादी हवी होती. मागच्या प्रत्येक यादीत हेच नाव होतं. मी फक्त सही करायची होती.

हे नाव का सुचतं ते मला चांगलं ठाऊक आहे. तपकिरी देठ, त्याला आळीपाळीने फुटलेल्या फांद्या, फांद्यांच्या बुडाशी वलयं, टोकाला कायटिनचा पारदर्शक पेला आणि त्यात बसलेला पॉलिप, म्हणजे वसाहतीतला एक इवला जीव. भिंगाखाली असा झुबका दिसला की ओबेलियाच आठवते, कारण पाठ्यपुस्तकात सगळ्यांनी तीच काढलेली असते. पण याच बांध्याचे प्राणी दुसऱ्या वंशांतही आहेत, आणि प्रजाती ठरते ती मिलिमीटरच्या अंशात मावणाऱ्या खुणांवर. पेल्याचा काठ ही त्यातली सगळ्यात मोलाची खूण, आणि नेमका तोच भाग सगळ्यात नाजूक. लाटांनी, गाळाने, बरणीतल्या हिंदकळण्यानेही तो झिजतो. दात झिजलेला कुठलाही पेला ओबेलिया डायकोटोमासारखाच दिसतो, कारण तिचा काठ मुळातच जवळजवळ सपाट असतो. म्हणून मी जुन्या पेल्यांवर कधीच नाव ठरवत नाही. फांदीच्या शेंड्याकडचे, नुकते तयार झालेले पेले शोधते.

शेंड्याकडच्या पेल्यांना दात होते.

आता प्रश्न बदलला. पेला उंच आणि अरुंद, काठाला दात, भिंतीवर उभ्या रेषा. अशी एक ओबेलिया आहे, ओबेलिया बायडेंटाटा. तिच्या प्रत्येक दाताला दोन टोकं असतात. आणि क्लायटिया लिनेअरिस नावाची प्रजाती आहे. तिच्या दाताला एकच टोक, पण प्रत्येक दातापासून खाली पेल्याच्या भिंतीत आतल्या बाजूला घडी गेलेली असते. कागदावर फरक स्पष्ट वाटतो. सूक्ष्मदर्शकाखाली तसं नसतं. पेला पारदर्शक असल्याने समोरच्या काठाचे दात आणि पलीकडच्या काठाचे दात एकाच वेळी दिसतात. दोन दातांच्या फटीत मागचा तिसरा डोकावतो आणि एकटोकी काठ दोनटोकी भासू लागतो. माझ्या शेजारी बसलेल्या तरुण सहकारिणीने पाहिलं आणि ठामपणे म्हणाली, "मॅडम, दोन टोकं आहेत. बायडेंटाटा."

तिला मी फोकसचं चाक अगदी सावकाश फिरवायला सांगितलं. आधी वरचा काठ, मग मधली पोकळी, मग खालचा काठ. टोकांची एक रांग पुसट झाल्यावर दुसरी ठळक झाली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग आम्ही एक पेला बारीक सुईने आडवा कापला आणि वरून पाहिला. काठ गोल नव्हता, चुणीदार होता. प्रत्येक दातामागे एक घडी आत वळलेली.

माझ्यापुरतं उत्तर जवळजवळ मिळालं होतं. पण "जवळजवळ"वर मला नोंद करायची नव्हती, कारण अशी नोंद एकदा यादीत गेली की पुढची प्रत्येक यादी तीच उतरवते. पथकाला फोन करून एक दिवस मागून घेतला. ते नाराज झाले, आणि त्यांची घाईही खरी होती.

नशिबाने नमुना आणणाऱ्याने झुबक्याचे तीन भाग केले होते. हा शहाणपणा फार कमी जण दाखवतात. एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, आकार टिकावा म्हणून; एक तीव्र अल्कोहोलमध्ये, कारण फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो; आणि एक जिवंत, गाळलेल्या समुद्रपाण्यात. जिवंत भागावर लांबट, गुळगुळीत, टोकाला सपाट कापल्यासारख्या काही गोनोथीका होत्या. हायड्रॉइडच्या वसाहतीतले खाणारे पॉलिप वेगळे आणि पुनरुत्पादन करणारे वेगळे. त्या दुसऱ्यांचं आवरण म्हणजे गोनोथीका. ओबेलिया बायडेंटाटाच्या गोनोथीकेला वर अरुंद मान असते, ती इथे नव्हती. आत मेड्युसांच्या, म्हणजे वसाहतीतून सुटून पोहणाऱ्या इवल्या जेलीफिशच्या, कळ्या हलताना दिसत होत्या. त्या सुटल्या असत्या, तर त्यांनीच वाद मिटवला असता. वसाहतीला आर्टेमिया या कोळंबीसारख्या छोट्या जिवाची पिल्लं खायला घातली आणि वाडगा झाकून ठेवला.

सकाळी दिवा तिरका धरला तेव्हा पाण्यात मेड्युसा ठोके देत होते. एक मिलिमीटरपेक्षाही लहान. काचेच्या नळीने एक उचलला आणि मला आधी शुंडकंच दिसली: चार. चार लांब शुंडकं, त्यांच्या बुडाशी फुगीर गाठी, घंटेसारखं खोल शरीर आणि काठाच्या आत व्हेलमचा पातळ पडदा. नुकता सुटलेला ओबेलियाचा मेड्युसा सपाट चकतीसारखा असतो, त्याला सुरुवातीलाच डझनाहून जास्त आखूड शुंडकं असतात, व्हेलम जवळपास नसतोच, आणि पोहताना तो अनेकदा उलटा वळतो. इथे तसलं काहीच नव्हतं. हा क्लायटिया होता. चार शुंडकांनी वंश सांगितला, काठाच्या घड्यांनी प्रजाती. मला झालेला आनंद मी लपवला नाही. सहकारिणीने तर वाडग्यावरून मान वर काढायलाच नकार दिला.

एकाच प्राण्याच्या पॉलिप आणि मेड्युसा या दोन रूपांनी वर्गीकरण करणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या छळलं आहे. पॉलिप पाहणारे वेगळे, जाळ्यात मेड्युसा पकडणारे वेगळे, आणि दोघेही एकाच प्राण्याला नाव देत राहिले. लिनियसने 1767 मध्ये ज्या मेड्युसाला नाव दिलं, त्याचा पॉलिप 1856 मध्ये ऑल्डरने निराळ्या नावाने वर्णिला. आज दोन्ही मिळून क्लायटिया हेमिस्फेरिका. उलटा घोटाळाही होतो. ओबेलियाच्या नावावर इतक्या प्रजाती जमा झाल्या होत्या की पॉल कॉर्नेलियस यांनी 1975 मध्ये सगळ्या तपासून बहुतेकांना मोजक्या प्रजातींत मिळवून टाकलं, आणि पुढे त्यांनीच त्यांतल्या ओबेलिया लाँगिसिमाला पुन्हा स्वतंत्र प्रजाती मानलं. एका माणसाने स्वतःचाच निर्णय पुराव्यावर फिरवला, याचा मला आदर वाटतो.

अल्कोहोलमधल्या भागाचा, ओळख पटवायला वापरतात त्या 16एस जनुकाचा डीएनए-क्रम नंतर आला, तोही क्लायटियातच बसला. नुसत्या क्रमावर मात्र मी नाव दिलं नसतं. डेटाबेसमधल्या क्रमाला चिकटवलेलं नाव कुणीतरी असाच काठ पाहून ठरवलेलं असतं, आणि तिथे झिजलेले दात दिसत नाहीत.

हे सगळं एका नावासाठी कशाला, असं पथकातल्या एकाने विचारलं. तर यासाठी: क्लायटिया लिनेअरिस उष्ण पाण्यात सगळीकडे आढळते, भूमध्य समुद्रात ती विसाव्या शतकात शिरली असं मानतात, आणि ती आपल्या पाट्यांवर कधी आली हे जुन्या यादीतून कळणारच नाही, कारण तिथे प्रत्येक झुबका डायकोटोमा आहे.

मग आम्ही जुन्या बरण्या काढल्या. ज्यांत डायकोटोमालाही असते तशी मान असलेल्या गोनोथीका शाबूत होत्या आणि नवे पेलेही सपाट काठाचे होते, त्या डायकोटोमा म्हणूनच राहिल्या. दोनांत शेंड्यांवर घडीदार काठ सापडला. त्यांचं नाव बदललं आणि का बदललं तेही चिठ्ठीत लिहिलं. बाकीच्या बरण्यांत पेले इतके झिजले होते की वंशही सांगता येईना. त्यांची नोंद फक्त कुलापर्यंत केली, व्यापक अर्थाने कॅम्पॅन्युलॅरिडी. पथकाला आता पाट्या काढायच्या तारखाही बदलायच्या आहेत, म्हणजे गोनोथीका भरलेल्या असतानाच झुबके हाती लागतील.