पाखराला औषध काहून नाही देत?

गावी आलो की पारावर, लग्नात, एकदा तर मयतीतसुद्धा हेच: "आजारी पाखरू हातात घेता, डोळ्याचा फोटो काढता अन् सोडून देता. औषध काहून नाही देत?" विचारलंतच, तर सांगतो.

मी ज्याच्या रोगावर संशोधन करतो ते पाखरू म्हणजे अमेरिकेतला हाऊस फिंच. चिमणीएवढा, नराची छाती लाल. १९९४च्या सुरुवातीला तिथल्या राजधानीच्या, वॉशिंग्टनच्या आसपास अंगणाअंगणांत सुजल्या डोळ्यांचे फिंच दिसायला लागले. जंतू कोंबड्यांतून आलेला, मायकोप्लाझ्मा. तुमच्या कोंबड्यांना सीआरडी, म्हणजे घरघरीचा जुनाट श्वासरोग होतो, त्याचा तोच. पाखरू दाण्याच्या भांड्याला डोळा घासतं, पुढचं तिथेच चोच घालतं. जे जगतं त्याला अर्धवट प्रतिकारशक्ती येते. मग सौम्य जंतूची त्याच्यात डाळ शिजत नाही, जहालाची शिजते. इकडे पाखरांचा काटकपणा वाढतो, तिकडे जंतूचा जहालपणा. ही चढाओढ मोजायची तर मध्येच औषध घालून कसं चालेल?

हे उत्तर मी पाठ केलं होतं. काकूपुढे ते टिकलं नाही.

तीन वर्षांपूर्वी पौषात तिच्या गावरान कोंबड्या घरघरायला लागल्या. एकीचा डोळा चिकटून बंद. काकूने तो ओल्या पदराने पुसला अन् कोंबडी माझ्यापुढे धरली. "तू तं डाक्टर हायेस नं?" मी टायलोसिन या जंतुनाशक औषधाची पूड आणून पाण्यात कालवली. चार-पाच दिवसांत डोळा उघडला. माझ्या शिक्षणाचा घराला झालेला हा पहिला उपयोग, त्यामुळे मी जरा फुगलोच. निघताना बजावलं, "वरून बऱ्या दिसतात, जंतू आत राहतो. बाजारात नेऊ नको."

तिने पाच विकल्या. खताची उधारी होती, सोयाबीनला भाव नव्हता. मी फोनवर चिडलो तर म्हणाली, "बऱ्या झाल्या नं? मंग इकल्या."

त्यातली एक गावातच मामींकडे गेली. महिन्याभरात मामींच्या खुराड्यातल्या अकरापैकी सात मेल्या. "थे कोंबडी तूच तं बरी केली होती," एवढंच मामी बोलल्या. थंडी असेल, दुसरा रोग असेल, असं मी म्हणत राहिलो. नमुने घेऊन तपासता आलं असतं, ओळखीची प्रयोगशाळा होती. मी घेतले नाहीत.

म्हणजे औषध न देणं बरोबर? ते दयामाया नसलेल्याचं उत्तर आहे, असं तेव्हाचा मी म्हणेल. त्याला पुसलेला डोळा दिसत होता, मामींचं खुराडं नाही. मला दोन्ही दिसतात, अन् काही सुधरत नाही.

परवा काकूचा फोन होता. पुन्हा एकीच्या डोळ्याला पाणी आहे. त्या पुडीचं नाव विचारत होती. सांगितलं.