दोन गाड्या, एक वाडी: जूनच्या पावसात ताम्हिणीमार्गे बोर्लीपंचतन

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि बाबांच्या वाडीतल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, एका दुपारी आडव्या झाल्या. त्यानंतर लावलेली रोपं आता कुठे धरायला लागली आहेत. बाबा नाहीत, त्यामुळे वाडीकडे बघायचं काम माझ्याकडे आलं. महिन्यातून एकदा पुण्यातल्या कोथरूडहून रायगडातल्या बोर्लीपंचतनला जायचं, आणि पावसाळ्यात तर जायलाच हवं, कारण सुपारीच्या कोळे रोगावर बोर्डो मिश्रणाची, म्हणजे मोरचूद-चुन्याची फवारणी वेळेवर झाली नाही तर फळ गळून जातं. माझी जुनी हॅचबॅक आता या फेऱ्यांना पुरी पडत नाही. नवी गाडी घ्यायची तर मनात दोनच होत्या, मारुतीची पेट्रोलवरची फोर-बाय-फोर जिमनी किंवा टाटाची विजेवरची पंच ईव्ही. दादाकडे जिमनी आहे, मॅन्युअल. एका मैत्रिणीने तिची पंच दोन दिवसांसाठी दिली, मोठ्या म्हणजे ३५ युनिटच्या बॅटरीची. जून २०२५ च्या शेवटच्या आठवड्यात दोन्ही गाड्या घेऊन निघालो. शनिवार-रविवार मुद्दाम टाळला, कारण त्या दिवसांत ताम्हिणीत धबधब्यांपाशी गाड्यांच्या रांगा लागतात.

जाताना पंच माझ्याकडे होती, आई शेजारी. कोथरूडला बॅटरी १०० टक्के. पिरंगुट, पौड, मुळशी करत घाटमाथ्यावर आलो तेव्हा ७६. उतारभर स्टिअरिंगमागच्या पॅडलने रीजन, म्हणजे गाडीचा वेग आवरत बॅटरी भरणारी सोय, चढवून ठेवलं, ब्रेकला पाय जेमतेम लागला, आणि खाली विळ्याला पोचलो तर आकडा ७७. आईने दोनदा विचारलं, "अगं, वाढली कशी?" माणगावला ७०, बोर्लीला ५१.

घाट बॅटरी खाऊन टाकतो ही भीती माझ्याही मनात होती, म्हणून हिशोब मांडते. माणसं-सामान धरून गाडी १७०० किलोची आणि चढ साधारण साडेपाचशे मीटरचा धरला, तर नुसती उंची चढायला अडीच युनिट लागतात, गळती धरून तीन. म्हणजे ३५ युनिटच्या बॅटरीतले आठ-नऊ टक्के. रस्त्याचा नेहमीचा खर्च वेगळा. येताना विळ्याहून माथ्यापर्यंत पंचचे १४ टक्के गेले, त्याहून जास्त नाही. बॅटरी जास्त खातो तो वेग. त्यामुळे विळ्याला २५-३० टक्के हातात असतील तर घाटाची काळजी करू नका, माथ्यानंतर मुळशी-पौडपर्यंतचं अंतर मात्र मोजून ठेवा.

खरी काळजी मुक्कामाच्या जागेची. आम्ही उतरलो त्या घरी पंधरा अँपिअरचं सॉकेट होतं, पण चार्जर लावला की लाल दिवा. सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. यजमानांनी विहिरीच्या पंपाच्या खोलीतलं कनेक्शन दाखवलं, तिथे अर्थिंग नीट होतं, हिरवा दिवा लागला. गाडी तिथवर न्यायला अंगणातल्या दोन कुंड्या हलवाव्या लागल्या. साडेबाराला वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही, आणि सकाळी ८० टक्के मिळाले. खोली ठरवताना फोनवर "चार्जिंग आहे का" एवढंच विचारू नका. पंधरा अँपिअरचं सॉकेट आहे का, त्याला अर्थिंग आहे का, आणि गाडी तिथवर जाते का, हे तिन्ही विचारा. विजेचे पैसे आपणहून द्या. आम्ही दोनशे दिले.

दुसऱ्या दिवशी वाडी. डांबरी रस्ता देवळापाशी संपतो, पुढे दीड किलोमीटर जांभ्याचा कच्चा रस्ता. याच दीड किलोमीटरसाठी ही सगळी फेरी होती. पंच पुढे, जिमनी मागे. पहिला किलोमीटर पंच आरामात गेली. तिच्या पोटाखाली १९० मिलिमीटर जागा आहे, दगड लागला नाही. मग ओढ्याची मोरी ओलांडली की उजवीकडे वळून जो चढ लागतो, तिथे लाल चिकणमातीवर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. यात गाडीचा दोष नाही. चढावर वजन मागे सरकतं आणि ओढणारी चाकं पुढची, शिवाय मोटरचा जोर पायाखाली एकदम येतो. चाकांची घसरण आवरणारं ट्रॅक्शन कंट्रोल जोर कापत होतं, टायरांच्या खाचा चिखलाने बुजल्या होत्या. तिसऱ्या प्रयत्नात गाडी कडेच्या चरीकडे सरकली तेव्हा मी हात जोडले आणि उलटी खाली आणली.

दादाने जिमनी चढाच्या पायथ्याशी थांबवली, क्लच दाबून गिअरजवळचा छोटा दांडा खाली दाबत मागे ओढला, फोर-एलमध्ये, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त जोर. पहिला गिअर, ॲक्सिलरेटरवर जवळजवळ पाय नाही. गाडी माणसाच्या चालीने वर गेली. एक चाक फिरलं की त्याला ब्रेक लागून जोर दुसऱ्या चाकाला जातो, ते खालून स्पष्ट दिसत होतं. आई मागच्या सीटवर होती, तिला काही जाणवलंसुद्धा नाही. तिचे गुडघे गेलेले आहेत, चिखलातून दीड किलोमीटर ती चालू शकत नाही. चार वर्षांनी पावसाळ्यात तिने वाडी पाहिली. एका पोफळीच्या बुंध्याला हात लावून ती बराच वेळ उभी राहिली. त्या क्षणी मला विचारलं असतं तर मी जिमनीच म्हटलं असतं.

येताना जिमनी मी चालवली, दादाने पंच. घाटात १.५ लिटरचं इंजिन तक्रार करत नाही, पण चढावर गिअर सारखे बदलावे लागतात. सांगाड्यावर बांधलेली गाडी असल्याने खड्ड्यात मागच्या माणसाला हिसके बसतात, आईने माणगावनंतर पंचमध्ये बसायचं ठरवलं. सामानाची जागा २०८ लिटरची. फवारणीचा पंप, मोरचूद आणि चुन्याच्या पिशव्या ठेवल्या की बॅगा मांडीवर. पंचमध्ये ३६६ लिटर आहे. आणखी एक गोष्ट पावसातच कळते. जिमनीचं मागचं दार बाजूला उघडतं, त्यामुळे सामान काढताना डोक्यावर काही नसतं. पंचचं वर उघडतं, त्याच्याखाली उभं राहून सगळं कोरडं उतरवता येतं.

माणगावला ५६ टक्के होते. घरी पोचलो असतो, पण ताणून कशाला म्हणून थांबलो. पहिल्या ठिकाणचा फास्ट चार्जर बंद निघाला, ॲपवर मात्र चालू दिसत होता. दुसऱ्या ठिकाणी चहा होईपर्यंत ८१ झाले. माणगाव सोडण्याआधी दोन वेगवेगळ्या चार्जरचे पत्ते आणि दोन्ही ॲपमध्ये थोडे पैसे असू द्या, घाटात मोबाइलला रेंज नसते. घरी पोचलो ३८ टक्क्यांवर.

दोन दिवसांत साधारण ३१० किलोमीटर झाले. जिमनीला २४ लिटर पेट्रोल लागलं, १०४ च्या भावाने जवळजवळ अडीच हजार. पंचला घरची वीज, यजमानांचे दोनशे आणि फास्ट चार्जरचे सव्वादोनशे धरून साडेसहाशे-सातशे. पण मला वाडीच्या बारा-चौदा फेऱ्यांपेक्षा रोजचे ३६ किलोमीटर मोजायला हवे होते. शहरात जिमनीला दिवसाला तीनशे चाळीसचं पेट्रोल लागेल, पंचला पाच युनिट म्हणजे पन्नास रुपये. वर्षाला सत्तर हजारांच्या घरातला फरक.

हा आकडा डोक्यात होताच. वाडीतून परत निघण्याआधी मी तो चढ पायाने मोजला होता. मोरीपासून वरच्या आंब्यापर्यंत बासष्ट पावलं. दीड किलोमीटर रस्ता नडतो असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो, नडतात ती बासष्ट पावलं. गावातल्या गवंड्याला विचारलं, दोन चाकांपुरत्या काँक्रीटच्या पट्ट्या आणि कडेला पाण्याची चर, किती होतील? सव्वा लाख म्हणाला. चढ सामाईक वहिवाटीचा आहे, शेजारच्या दोन वाड्यांची संमती लागेल. त्यांच्याशी बोलले, दोघेही हो म्हणाले आणि एकाने वाळू द्यायचं कबूल केलं.

म्हणून मी पंच घेते आहे. तुमच्या वाटेवर असा चढ असेल तर गाडी बुक करण्याआधी तो भर पावसात चालून मोजा. तो शंभर पावलांत आणि आपल्या हक्काचा असेल, तर आधी गवंड्याला भेटा. वाट वनखात्याची असेल किंवा चिखल मैलभर असेल, तर जिमनीला पर्याय नाही, आणि ती घेताना मागे हटू नका. एक विनंती दोघांनाही: दिवेआगरच्या पुळणीवर गाडी घालू नका. या किनाऱ्यावर कासवं अंडी घालतात, आणि भरतीत रुतलेली गाडी फोर-बाय-फोरलाही निघत नाही.

पट्ट्यांचं काम दिवाळीनंतर, जमीन वाळली की. या पावसातल्या उरलेल्या दोन फवारण्यांना दादाची जिमनी येईल, आणि आई पुढच्या सीटवर बसेल.