एक नोव्हेंबरची अकरा जानेवारी

आज अखेर माझ्या प्लगइनमध्ये (मूळ प्रोग्रामला जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये) तारीख वाचणारा फिल्टर बसला. इतके दिवस टेम्प्लेट इंजिन, म्हणजे ठरलेल्या साच्यात (टेम्प्लेटमध्ये) मजकूर भरणारा प्रोग्राम, तारीख आली तशी छापायचं, त्यामुळे वाचनालयातल्या जुन्या कात्रणांची सालवार यादी लागतच नव्हती.

बेळगावात तारीख लिहायच्या तऱ्हा किती! कुणी मराठी आकड्यांत, कुणी इंग्रजीत, एका वहीत तर कन्नड आकडे. मी वापरतो त्या जावास्क्रिप्ट ह्या प्रोग्रामिंग भाषेला '१९५६' ही संख्याच वाटत नाही. पायथन ही दुसरी भाषा निदान वाचते तरी. म्हणून आधी आकडे बदलून घेतले. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांकांच्या यादीत, दोन्ही लिप्यांचे दहाही आकडे ओळीने आहेत. त्या लिपीच्या शून्याचा क्रमांक वजा केला की झालं. एवढ्याशा कोडचं फार समाधान वाटलं.

जीव अडकला तो १/११/१९५६ पाशी. त्या दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. इथली मराठी माणसं दरवर्षी काळा दिन पाळतात. ही तारीख, इंग्रजी आकड्यांत का होईना, जावास्क्रिप्टच्या 'डेट' ह्या तारखा हाताळणाऱ्या तयार सोयीला दिली की ती महिना आधी धरते आणि बिनबोभाट ११ जानेवारी काढून देते. इथल्या सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाची १७/१/१९५६ दिली तर अवैध म्हणून थांबते, कारण सतरावा महिना नसतो. थांबलेलं मला चालतं. गुपचूप बदललेलं नाही चालणार, ह्या तारखेच्या बाबतीत तर नाहीच.

पुढचा घोळ वेळेचा. दिवस, महिना, साल सुटे देऊन डेट बनवली तर ती इथल्या मध्यरात्रीची होते. आयएसओ ह्या प्रमाणित रूपात लिहिताना ती जागतिक वेळेत (यूटीसी) जाते, म्हणून साडेपाच तास मागे सरकते आणि ३१ ऑक्टोबर उमटतं. मग डेट काढूनच टाकली. नुसते तीन आकडे ठेवले. यादी लावायला तेवढे पुरतात.

दिवस आधी की महिना, हा क्रम आता टेम्प्लेटमध्येच सांगायचा, फिल्टर अंदाज करणार नाही. जुळलं नाही तर मूळ मजकूर तसाच राहतो आणि टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, फाइल व ओळ दिसते. नुसती तिथी आणि शके असलेल्या पत्रिका म्हणूनच जशाच्या तशा दिसतात, तेच बरं.

नुसतं '५६' लिहिलेलं मी घेत नाही म्हटल्यावर वाचनालयातले काका म्हणाले, "छप्पन म्हंजे छप्पनच की रे, आणि कुठलं असतंय?" पण प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर पूर्ण साल आहे, शतक तिथूनच घ्यायचं ठरलं. अडलेल्या ओळींची यादी काकांना छापून दिली. सोमवारी ते मूळ कागद काढणार आहेत.