तुम्ही विचारलंत म्हणून: जाहिरातीत बावीस वर्षं कशी काढलीत?

"जाहिरातीत नोकरीचा भरवसा नसतो म्हणतात, मग तुम्ही बावीस वर्षं काढलीत कशी?" कमर्शियल आर्ट शिकणारी मुलं भेटली की हेच विचारतात. दर गणपतीला माझी आतेबहीणही विचारते, पण तिचा रोख वेगळा असतो.

एका जागी काढलीच नाहीत. चार एजन्सी झाल्या, ही पाचवी. दोन मी सोडल्या, दोघींनी मला काढलं.

पहिल्यांदा काढलं त्याच्या आदल्याच आठवड्यात माझ्या रेडिओ स्पॉटला बक्षीस मिळालं होतं. म्हणून तर काही कळेना. शेवटी लोअर परळच्या टपरीवर सर्व्हिसिंगमधल्या, म्हणजे क्लायंट सांभाळणाऱ्या विभागातल्या, एका दादांनी उलगडा केला, "तुझा पगार एजन्सी देत नाही गं, अकाउंट देतं." अकाउंट म्हणजे एका क्लायंटचं एजन्सीकडे असलेलं सगळं काम. त्यासाठी क्लायंट दरमहा ठरलेली फी देतो, ती रिटेनर. तिच्यात इतके कॉपीरायटर, इतके आर्टवाले असा हिशेब धरलेला असतो. क्लायंटने पिच काढलं, म्हणजे कामासाठी एजन्सींची स्पर्धा लावली, आणि अकाउंट दुसरीकडे गेलं, की ती माणसं हिशेबाबाहेर. बक्षीस कपाटात राहतं.

तेव्हापासून बॉसने केलेल्या कौतुकापेक्षा मी क्लायंटच्या हालचालींवर लक्ष ठेवते. तिकडे नवा मार्केटिंग हेड आला, ठरलेल्या मीटिंगा पुढे जाऊ लागल्या, पर्चेसवाले अचानक रेट विचारू लागले, की त्याच रात्री पोर्टफोलिओ काढून बसायचं.

आणि अडॅप्टेशन. हिंदी जाहिरातीचं मराठी करण्याचं काम एजन्सीत कमी प्रतीचं समजतात. २०२० मध्ये दुसऱ्यांदा नोकरी गेली तेव्हा नऊ महिने घर त्याच्यावर चाललं. वाटतं तितकं सोपं नाही ते. पडद्यावरची बाई 'है' म्हणून तोंड मिटते, आपल्याला तिथे 'आहे' बसवायचं असतं. त्या एका अक्षरापायी अर्धा तास जातो. पैसे दहा टक्के टीडीएस कापून, तीन-तीन महिन्यांनी, तेही चार मेल टाकल्यावर. म्हणून घराच्या हप्त्याची सहा महिन्यांची रक्कम मी वेगळ्या खात्यात ठेवते आणि त्या खात्याचं कार्डच घेतलेलं नाही. भिशीचे पैसेसुद्धा तिथेच.

एवढं करूनही काही वेळा इलाज चालत नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात ऑम्निकॉम या अमेरिकी जाहिरात समूहाने इंटरपब्लिक हा दुसरा समूह घेण्याचा व्यवहार पुरा केला. पाठोपाठ त्यांच्या डीडीबी, एफसीबी या एजन्सींची नावं बंद होणार आणि जगभरात चार हजारांवर नोकऱ्या जाणार, असं जाहीर झालं. अकाउंट कुठे गेलं नव्हतं, एजन्सीच गेली. बाळ मुंडकुरांनी १९६१ मध्ये मुंबईत काढलेली उल्का ही एजन्सी याच एफसीबीत विलीन झाली होती. (नावच उल्का. काय बोलणार!) ती बातमी मी लोकलमध्ये वाचली आणि ठाण्याला उतरायचं विसरले. माझी एजन्सी त्यात नव्हती, तरीही.

गेल्या मंगळवारी आमच्या मोठ्या अकाउंटकडे नवा मार्केटिंग हेड रुजू झालाय. चांगला माणूस आहे म्हणतात. मी डबिंग स्टुडिओतल्या दोघांना फोन करून ठेवलेत. सहजच, दिवाळीच्या शुभेच्छा द्यायच्या राहिल्या होत्या.