बटण दाबलंत ना?

अॅम्स्टरडॅमच्या उत्तरेला ब्रूक ऑप लांगेडाइक नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या भाजीबाजाराचं आता संग्रहालय झालंय. १८८७ साली इथे फ्लॉवरने भरलेल्या एका नावेला दोन गिऱ्हाइकं मिळाली आणि लिलाव पुकारला गेला. आता समोर मोठं घड्याळ आहे. काटा चढ्या भावावरून खाली सरकतो, आधी बटण दाबेल त्याचा माल. नाव पाण्यातून थेट इमारतीत येते.

रविवारी मी भाजीच्या पिशवीसाठी बटण दाबलं आणि तिथल्या बाईंना विचारलं, "आता घ्यायचं नसेल तर?" त्यांना प्रश्नच कळला नाही. "दाबलंत ना?" एवढंच म्हणाल्या.

मला हे का सुचलं, ते विदर्भातल्या वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. आमचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्यात तोडणीला येणारा संत्रा. सप्टेंबरात व्यापाऱ्याने बगीचा पाहिला, धुऱ्यावरच, म्हणजे बांधावरच, अख्ख्या बगीच्याचा उक्ता सौदा ठरला, इसार दिला. नोव्हेंबरात भाव पडला आणि तो तोडणीला आलाच नाही. पिकलेला संत्रा झाडावर किती दिवस थांबणार? साल सैल पडते, गळ सुरू होते. शेवटी दुसऱ्याला निम्म्या भावात दिला. बाबा फोनवर म्हणाले, "भाव पडला ना, आता कायले येते तो?" त्याचा फक्त इसार गेला. बाबांचं वर्ष गेलं.

इथल्या ऑफिसात हे सांगितलं तर एकजण म्हणाला, "शीतगृह का नाही बांधत?" मला फार राग आला. फळ शीतगृहात जायच्या आधी तोडून, निवडून, स्वतःच्या कॅरेटात भरावं लागतं. बगीचा झाडावरच विकला तर फळ आमच्या हाती येतंच कुठे? मोठं फळ वेगळं, चुरी म्हणजे बारीक फळ वेगळं करण्यातला पैसाही व्यापाऱ्याचाच. २०१६ मध्ये राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, चांगलं केलं. पण आमच्या सौद्याचा साधा कागद नव्हता.

आणि या डच लोकांच्या दारात कालवे होते, हेही खरं. बाबा झाडाखाली उभं राहून किती कॅरेट निघतील ते सांगतात. इथल्या दुकानातल्या स्पॅनिश संत्र्याला आपली चव नाही, कुणी काहीही म्हणो. तरी इथल्याच आल्समेर गावचा फुलांचा लिलाव ज्या संस्थेचा आहे, तिचे मालक फुलं पिकवणारेच आहेत, हे मनातून जात नाही.

काका विचारतात, तू इथे असतास तर? मी असतो तरी तो व्यापारी आला नसता. यंदाच्या फवारणीचे पैसे माझ्या पगारातून गेलेत.

पुढच्या बहाराला शेजारचे चौघे मिळून स्वतः तोडणी करावी, निवडून कॅरेट भरावेत आणि नागपूरच्या कळमना बाजाराला एकच गाडी लावावी, असं मी सुचवलंय. तोडणीची मजुरी आगाऊ पाठवतो म्हणालो. बाबांनी अजून होकार दिलेला नाही.

"पाहू," म्हणाले, "पहिले बहार तं फुटू दे."