पाच खेळाडू, एकच संघ

१५ ऑगस्ट २०१२, बुधवार. सिएटलला येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. ऑफिसातला एक सहकारी दुपारच्या मॅचला सेफको फील्डवर घेऊन गेला. बेसबॉलचं मला ओ की ठो कळत नव्हतं. सिएटलच्या मरिनर्स संघाकडून फेलिक्स हर्नांडेझ पिचिंग करत होता, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकत होता. जसजशी मॅच संपत आली तसतशी आजूबाजूची माणसं गप्प होत गेली, आणि शेवटी अख्खं स्टेडियम उभं होतं. समोरच्या टाम्पा बे संघाचे २७ बॅटर आले आणि एकालाही पहिल्या बेसवर पोचता आलं नाही. याला परफेक्ट गेम म्हणतात, आणि मरिनर्सच्या इतिहासातला हा पहिलाच, हे मला परतीच्या बसमध्ये कळलं.

पुढच्या आठवड्यात त्याच सहकाऱ्याने फेलिक्सचा फोटो छापलेलं एक बेसबॉल कार्ड माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी ते पाकिटात घालून फिरलो आणि आठ दिवसांत त्याचा कोपरा दुमडला. फार वाईट वाटलं. कार्ड आधी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग कडक होल्डरमध्ये घालायचं, हे मी त्या कोपऱ्यामुळे शिकलो.

सगळ्या संघाची कार्डं जमवायला गेलो तर आयुष्य पुरणार नाही, म्हणून मी पाच जण ठरवले: फेलिक्स, इचिरो सुझुकी, केन ग्रिफी ज्युनिअर, एडगर मार्टिनेझ आणि रँडी जॉन्सन. नियम एकच. कार्ड मरिनर्सचंच हवं, आणि खेळाडू सिएटलकडून जितके हंगाम खेळला त्या प्रत्येक हंगामाचं एक. वहीत मांडणी केली. एडगरचे १८, फेलिक्सचे १५, इचिरोचे १४, ग्रिफीचे १३, रँडीचे १०. एकूण ७०. इचिरो मधे यांकीजकडे आणि मायामीला जाऊन २०१८ मध्ये परतला, ग्रिफी २००० मध्ये सिनसिनाटीला जाऊन २००९ मध्ये परत आला. मधली वर्षं वहीतही कोरीच ठेवली.

रँडीचं कोडं मजेशीर होतं. त्याची सुरुवातीची कार्डं माँट्रियल एक्स्पोजच्या गणवेशातली, म्हणजे माझ्या नियमात बसत नाहीत. पण १९८९ च्या मे महिन्यात तो सिएटलला आला आणि टॉप्स या कार्ड कंपनीने हंगामाअखेर काढलेल्या १३२ कार्डांच्या ‘ट्रेडेड’ संचात तो मरिनर्सचा म्हणून आहे. त्याच संचात ग्रिफीही आहे. एका डब्यात दोघे! त्या काळात कार्डं इतकी भरमसाट छापली गेली, की असे डबे आजही स्वस्तात मिळतात.

खरा घाम काढला तो ग्रिफीच्या अपर डेक कंपनीच्या कार्डाने. अपर डेकचा १९८९ चा पहिलावहिला संच, आणि त्यातलं एक नंबरचं कार्ड म्हणजे हसरा ग्रिफी. मूळ फोटोत त्याच्या डोक्यावर सॅन बर्नार्डिनो या खालच्या लीगमधल्या संघाची टोपी होती. कंपनीने रंग बदलून ती मरिनर्सची केली. माझ्या नियमाच्या दृष्टीने हे चालावं का, यावर मी बराच विचार केला, आणि चालवून घेतलं. तेव्हा तो सिएटलकडून एकही मॅच खेळला नव्हता, तरी कंपनीने त्याला एक नंबर दिला. हा विश्वास मला त्या टोपीपेक्षा मोठा वाटतो.

ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ८० डॉलरला घेतलं. चारही कोपरे सुईसारखे टोकदार. इतके टोकदार, की शंका आली. त्याच संचातली पाच-दहा साधी कार्डं आणली, त्यांच्यामध्ये ग्रिफी ठेवला, गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला आणि वरच्या कडेवरून बोट फिरवलं. ग्रिफीपाशी बोट किंचित खाली गेलं. झिजलेली कडा कोणीतरी पात्याने कापून सरळ केली होती. फोटो पाठवले, दोन आठवडे वाद घातला, तेव्हा पैसे परत आले. तेव्हापासून महाग कार्ड मी हातात घेतल्याशिवाय घेत नाही.

ग्रिफीचं तेच कार्ड पुन्हा मिळालं ते एका कार्ड शोमध्ये. स्टॉलवर एक वयस्कर गृहस्थ होते. मी ग्रिफी निरखत असताना त्यांनी विचारलं, “एडगर आहे का तुमच्याकडे?” नव्हता. त्यांनी फ्लीर कंपनीचं १९८८ चं कार्ड काढलं, पांढऱ्या चौकटीवर लाल-निळे तिरके पट्टे. मग ८ ऑक्टोबर १९९५ ची रात्र सांगितली. यांकीजविरुद्ध पाचवी, निर्णायक मॅच, अकरावी इनिंग. एडगरने डावीकडे फटका मारला आणि ग्रिफी पहिल्या बेसवरून जीव खाऊन पळत थेट होम प्लेटला आला. तोच विजयाचा रन. ६-५. ते त्या रात्री किंगडोममध्ये होते. ग्रिफी वळण घेऊन कसा सुटला हे दाखवताना त्यांचा हात हवेत फिरला आणि डोळे भरून आले. ते स्टेडियम २००० मध्ये सुरुंग लावून पाडलं गेलं. एडगरचे त्यांनी चार डॉलर घेतले.

आज वहीतल्या ६९ खुणा झाल्या आहेत. उरलेला हंगाम एडगरचा, १९८७ चा. तो सप्टेंबरमध्ये संघात आला, त्यामुळे त्या वर्षी मरिनर्सच्या गणवेशातलं त्याचं कार्ड निघालंच नाही. नऊ कप्प्यांच्या त्याच्या पहिल्या पानावरचा पहिला कप्पा मी मोकळा ठेवलाय. दुसऱ्यात लाल-निळ्या पट्ट्यांचं फ्लीर आहे.